पाटपाणी, चोपण आणि काचेची नळी

नगर जिल्ह्यात पाण्याविषयी बोलावयास जो कोणी उभा राहतो, त्याच्याकडून श्रोत्यांची एक ठरलेली अपेक्षा असते. त्याने पाणी पुरत नाही असे म्हणावे, आवर्तन लांबले म्हणून हळहळावे, सरकारास चार शब्द सुनवावेत आणि घोटभर पाणी पिऊन खाली बसावे. आज आम्ही श्रोत्यांची थोडी निराशा करणार आहोत. आम्हांस सांगावयाची आहे ती हकीकत पाणी कमी पडल्याची नसून पाणी जास्त झाल्याची आहे. आणि ती कोकणातली नव्हे; वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसावर दिवस काढणाऱ्या या आपल्या जिल्ह्यातलीच आहे. (जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, आम्ही येथे मागच्या काळाविषयी बोलणार असल्यामुळे जुने नाव तोंडात येते, एवढेच.)

श्रीरामपूर, राहाता, कोपरगाव, राहुरी या भागांत पाटाच्या खालच्या अंगाने उन्हाळ्यात फिरून पाहावे. हिरव्यागार उसाच्या मध्येच एखादा तुकडा असा लागतो की, त्यावर कोणी पीठ भुरभुरले आहे असे वाटावे. कडेला पाणकणीस आणि लव्हाळा माजलेला असतो. शेतकऱ्याने या आजाराच्या पायऱ्यांना फार नेमकी नावे दिलेली आहेत. पाणी मुळाशी तुंबून राहते ती जमीन चिबड. पाणी उडून जाऊन क्षार वर येतात ती खारवट. आणि पुढे एक अवस्था अशी येते की, वरची पांढरी कधी दिसते, कधी दिसतही नाही. परंतु माती ओली झाली की लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते, पाणी वरच्यावर साचून राहते, बी उगवत नाही. ती चोपण. प्रयोगशाळेने पुढे या तीन अवस्थांना मोजमापे दिली, तक्ते दिले. पण भेद मुळात शेतकऱ्याने केलेला होता, हे आम्ही प्रथमच नमूद करून ठेवतो.

खारवट आणि चोपण यांतला फरक ध्यानात आला म्हणजे पुढची सारी हकीकत सोपी होते. खारवट जमिनीत क्षार मोकळे असतात. भरपूर गोड पाणी देऊन ते धुऊन काढता आले, तर जमीन सुधारते. चोपण जमिनीत मात्र सोडियम मातीच्या कणांनाच जाऊन चिकटलेला असतो. एरवी ही जागा कॅल्शियमची. कॅल्शियम असतो तोवर मातीचे बारीक कण एकमेकांस धरून राहतात, त्यांचे रवे होतात, रव्यांमधून पाणी आणि हवा खेळते. सोडियमने कॅल्शियमला हुसकून लावले की रवे फुटतात, कण सुटे होऊन फुगतात आणि भोके बुजवतात. आपल्या घरातील बायका पापडाच्या पिठात चवीपुरता पापडखार घालतात, त्या खारातला सोडियम कार्बोनेट जमिनीत वाढला म्हणजे काय होईल, याची कल्पना त्यांस आमच्यापेक्षा लवकर येईल.

आता हे घडले कसे, ते पाहू. १८७६-७७ चा दुष्काळ, पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ, यांनी दख्खनचे कंबरडे मोडले. १९०१ ते १९०३ या काळात हिंदुस्थानच्या सिंचन आयोगाने सर्व प्रांतांची पाहणी केली आणि दख्खनसारख्या प्रदेशात, पैशाचा परतावा पुरेसा नसला तरी, दुष्काळापासून रक्षण व्हावे म्हणून धरणे-कालवे बांधावेत असे सुचविले. त्यातून दारणेचे धरण होऊन गोदावरीचे कालवे वाहू लागले. आणि १९१० साली अकोले तालुक्यात प्रवरेवर भंडारदऱ्याचे काम सुरू झाले. २७० फूट उंचीचे ते धरण पुरे होण्यास सोळा वर्षे लागली. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. खाली संगमनेर तालुक्यात ओझरच्या बंधाऱ्यावरून डावा आणि उजवा असे दोन पाट निघाले, आणि जेथे बाजरीच्या कणसाची शाश्वती नव्हती तेथे ऊस उभा राहिला. हा उपकार केवढा होता हे ज्याच्या आजोबाने दुष्काळात गाव सोडला असेल त्याला विचारावे. आम्ही पाटाच्या विरुद्ध बोलत आहोत असा कोणी अर्थ काढू नये.

परंतु ज्या वर्षी भंडारदऱ्याचा पाया खणला जात होता, त्याच वर्षी, म्हणजे १९१० साली, पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी श्री. ताम्हणे यांची नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवरील एक पुस्तिका मुंबईच्या शेतकी खात्याने छापली होती. नीरेचा डावा कालवा १८८५ साली सुरू झालेला. अवघ्या पंचवीस वर्षांत बारामतीकडच्या जमिनी पांढऱ्या पडू लागल्या होत्या, आणि या दोघांनी माती, विहिरींचे पाणी आणि कालव्याचे पाणी यांचे पृथक्करण करून त्याचा शोध घेतला. डॉ. मॅन यांचे नाव वाचकांस पिंपळे सौदागर या गावाच्या पाहणीमुळे ठाऊक असेल. त्या पाहणीआधीचे हे काम तितकेच मोलाचे आहे. आणि तेही काही पहिले नव्हे. उत्तरेत पश्चिम यमुना कालव्यावरच्या मुनक गावच्या लोकांनी जमिनीवर ‘रेह’ उठल्याची तक्रार १८५५ सालीच केली होती. १८७६ साली त्यावर समितीही बसली. तेव्हा कालवा आला म्हणजे मागोमाग क्षार येतात, हे भंडारदऱ्याच्या उद्घाटनाच्या वेळी गुपित राहिलेले नव्हते. ते छापून ग्रंथालयात गेलेले होते.

मग कोणी काहीच केले नाही काय? केले, आणि चांगले केले. १९१६ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्याने सिंचनाच्या प्रश्नांसाठी एक खास विभाग उघडला. क्लॉड इंग्लिस हे इंजिनियर त्याचे प्रमुख होते. हाच विभाग पुढे वाढत वाढत खडकवासल्याचे जगप्रसिद्ध जल संशोधन केंद्र झाला. तेथे आज बंदरांचे आणि नद्यांचे नमुने करतात, पण त्याचे मूळ आमच्या दख्खनच्या चिबड जमिनीत आहे ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. इंग्लिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कालव्यांखालच्या प्रदेशात भूजलाची पातळी मोजली, चर खणले आणि पाण्याची वाट शोधली. आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम असतो. काळ्या मातीतून पाणी मुंगीच्या पावलाने सरकते, मुरुमातून मात्र ते झपाट्याने वाहते. त्यामुळे वरच्या अंगाला पाटातून आणि उसाच्या सरीतून मुरलेले पाणी मुरुमाच्या वाटेने खाली येते, आणि उताराला जेथे मुरूम संपतो किंवा वाट अरुंद होते तेथे ते वर चढू लागते. म्हणजे ज्याने पाणी जास्त दिले त्याचे रान बहुधा शाबूत राहते. मीठ फुटते ते खालच्या शेजाऱ्याच्या रानात! चर खणावयाचा तो या मुरुमापर्यंत पोचला पाहिजे, नुसत्या काळ्या मातीत खणलेला चर म्हणजे श्रम फुकट, हे दख्खनच्या अनुभवाने शिकविले.

नीरेकाठी पाडेगाव येथे १९३२ साली ऊस संशोधन केंद्र निघाले. तेथील जे. के. बसू आणि एस. एस. शिरूर यांनी नीरा उजवा कालवा आणि प्रवरा कालवे यांखालच्या जमिनींची पाहणी करून १९३८ साली ती प्रसिद्ध केली. आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने ही पाहणी महत्त्वाची आहे. तोपर्यंत जमीन म्हणजे वरची नांगराची वीत, अशीच समजूत होती. या संशोधकांनी खड्डे खणून मातीचा उभा छेद पाहिला. कोणत्या थरात चुनखडी आहे, कोणत्या थरात क्षार थबकले आहेत, कोठे पाणी अडते, हे पाहून जमिनींचे प्रकार पाडले. वरून सारखी दिसणारी दोन शेते आतून भाऊ नसतात, सावत्र भाऊही नसतात, हे या खड्ड्यांनी दाखविले.

यानंतर ऊस वाढतच गेला. हरेगावास बेलापूर कंपनीचा कारखाना आधीपासून होता. १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी लोणीजवळ सहकारी कारखाना सुरू झाला. त्याचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते योग्यच आहे. पुढे मुळा धरण झाले, आणखी कारखाने निघाले. आम्ही येथे फक्त एक हिशेब मांडतो. पाटाचे पाणी गोड म्हणतात, पण गोड पाण्यातही क्षार असतात. धरा की, एका लिटरमध्ये ३०० मिलिग्रॅम आहेत. उसाला वर्षात सगळ्या पाळ्या मिळून दोन मीटर उंचीचे पाणी दिले. एका हेक्टरवर हे पाणी वीस हजार घनमीटर भरते, आणि त्याबरोबर सहा टन क्षार त्या हेक्टरात येऊन पडतात. ऊस पाणी पितो, सूर्य पाणी नेतो. क्षार जवळजवळ सारे मागे राहतात. पाळी चुकली म्हणून मचूळ विहिरीचे, दीड हजार मिलिग्रॅमचे पाणी दिले असते, तर हाच आकडा तीस टनांवर जातो. दर वर्षी! जुने गुळवे असल्या रानातला गूळ चाखून ओळखीत. तो खारट लागतो आणि पावसाळ्यात पाझरतो. पृथक्करणाची ती एक गावठी पण अचूक रीत होती.

१९६८ साली महाराष्ट्रात कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे ठिकाण राहुरी ठरले. आज ते महात्मा फुले कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. पाट, ऊस आणि चोपण या तिन्हींच्या मधोमध प्रयोगशाळा आली. तोपर्यंत या शास्त्राची जगभर बरीच घडी बसली होती. अमेरिकेत रिव्हरसाइड येथील क्षार प्रयोगशाळेने १९५४ साली काढलेली मार्गदर्शिका सर्वत्र प्रमाण मानली जाई: विद्युतवाहकता चार डेसिसायमनच्या वर गेली तर जमीन खारवट, सामू साडेआठाच्या वर आणि कणांना चिकटलेला सोडियम शेकडा पंधरावर गेला तर चोपण. उपायही ठरलेला होता. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट मातीत मिसळावे. त्यातला कॅल्शियम सोडियमला हुसकून आपली जागा परत घेतो, आणि सुटलेला सोडियम सल्फेटाबरोबर पाण्यात उतरतो. किती जिप्सम लागेल हे काढण्याची रीत मोठी गमतीची आहे. जिप्समच्या संपृक्त द्रावणात माती ढवळावयाची आणि गाळून पाहावयाचे की, द्रावणातला किती कॅल्शियम नाहीसा झाला. जेवढा मातीने गिळला तेवढी तिची भूक.

त्यानंतर नळीचा प्रयोग. हातभर लांबीची काचेची किंवा प्लॅस्टिकची नळी, तिच्यात चोपण माती ठासलेली, वर जिप्सम, त्यावर पाणी. खाली भोक आणि भोकाखाली चंचुपात्र. नुसते पाणी घातलेल्या नळीतून दिवस दिवस थेंब पडत नाही. जिप्समच्या नळीतून हळूहळू थेंब येऊ लागतात. प्रथम खारट, तपकिरी, मग फिके, मग स्वच्छ. तपासणीच्या वेळी तांबूस-जांभळे द्रावण एका थेंबासरशी निळे होते, तो क्षण पाहण्यासारखा असतो. अशा एका प्रयोगाच्या वेळी शेतकऱ्यांची एक सहल प्रयोगशाळा पाहावयास आलेली आम्ही पाहिली आहे. शिकविणाऱ्या तरुणाने मोठ्या उत्साहाने सर्व समजावून सांगितले. एक म्हातारे गृहस्थ नळीकडे बराच वेळ पाहत उभे होते. ते म्हणाले, “समदं पटलं, साहेब. पन तुमच्या नळीला खाली भोक हाये. माझ्या वावराला कुठंय?”

आमच्या मते चोपण जमिनीचा शंभर वर्षांचा इतिहास या एका प्रश्नात आहे. जिप्सम कॅल्शियम देते, पण सोडियमला गावाबाहेर नेत नाही. खाली पाण्याला वाट नसेल, तर सुटलेला सोडियम तेथेच घोटाळत राहतो आणि उन्हाळ्यात पुन्हा वर येतो. जिप्समच्या गोण्या रिकाम्या होतात, दोन वर्षे पीक बरे येते, तिसऱ्या वर्षी पांढरी हजर. मग शेतकरी म्हणतो, विद्यापीठाचे औषध लागू पडत नाही. औषध लागू पडले होते, पण मळ बाहेर पडला नाही.

परदेशी आकड्यांचीही अशीच एक गोष्ट आहे. शेकडा पंधरा सोडियम ही मर्यादा आपण वर्षानुवर्षे पाठ केली. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेतील डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनी अभ्यासल्या, तेव्हा असे दिसले की, आपल्या फुगणाऱ्या काळ्या मातीत पाण्याची वाट शेकडा पाच सोडियमलाच बंद पडू लागते. १९९६ साली हे प्रसिद्ध झाले. म्हणजे पुस्तकाप्रमाणे जी जमीन निरोगी, ती आमच्याकडे अर्धी आजारी निघते. आणि त्या भागात तर मोठा कालवाही नव्हता! कोरड्या हवेत चुनखडी मातीत थिजत जाते, द्रावणातला कॅल्शियम घटतो आणि सोडियमला मोकळे रान मिळते, असे त्याचे कारण त्यांनी दिले. मात्र याच चुनखडीत उपायाचेही बीज आहे. ती मातीतच पडून असते, फक्त विरघळत नाही; आम्ल मिळाले की विरघळते आणि कॅल्शियम सोडते. गंधक, शेणखत, प्रेसमड, धैंच्याचे हिरवे खत यांचा उपयोग होतो तो बराचसा यामुळे.

वावराला भोक पाडणे म्हणजे निचरा करणे. उघडे चर पूर्वी खणले गेले. आम्ही पाहिलेले बहुतेक चर गाळाने आणि पाणकणसाने बुजले आहेत, काहींवर चक्क ऊस उभा आहे. चराची जागा रिकामी पडून राहिलेली कोणास बघवत नाही. म्हणून आता सच्छिद्र नळ्या जमिनीत मीटर-सव्वा मीटर खोल पुरतात आणि त्यांचे पाणी मोठ्या नळीत घेऊन ओढ्यात सोडतात. राहुरी विद्यापीठाचे यासाठीचे केंद्र सांगली जिल्ह्यात कसबे डिग्रज येथे आहे, कारण कृष्णाकाठचा आजार आपल्याहून जुनाट. उपाय खात्रीचा, पण महाग. आणि खर्चापेक्षाही मोठी अडचण वेगळी आहे. एकट्याने हा उपाय करता येत नाही. नळी ओढ्यापर्यंत न्यावयाची तर मध्ये चार जणांची राने लागतात, आणि त्यांतले दोघे एकमेकांशी बोलत नसतात. वरच्या शेतकऱ्याचे रान चांगले आहे. त्याने पैसे का द्यावेत? त्याच्याच पाण्याने खालचे रान गेले, हे इंग्लिस यांच्या काळापासून ठाऊक आहे. पण ते त्याच्या सातबाराच्या उताऱ्यावर लिहिलेले नाही.

जमिनीचे निदान नळीत तरी दाखविता येते. विहिरीचे त्याहून कठीण. नेवासे तालुक्यातील सोनई येथे साखर कारखान्याच्या सांडपाण्याने भूजलावर काय परिणाम झाला, याचा अभ्यास एन. जे. पवार, जी. एम. पोंधे आणि एस. एफ. पाटील यांनी १९९८ साली एका आंतरराष्ट्रीय भूशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. बेसॉल्ट खडक वरून अभेद्य दिसतो. परंतु झिजलेल्या थरातून आणि भेगांतून सांडपाणी आत उतरते आणि ओढ्याकाठच्या विहिरी बिघडतात. आसवनीचे स्पेंटवॉश तर याहून उग्र. एक लिटर मद्यार्कामागे जुन्या पद्धतीत दहा-पंधरा लिटर निघणारे ते काळपट, आम्लयुक्त पाणी एकदा भेगांत शिरले की विहिरीला चहाचा रंग येतो आणि तो वर्षानुवर्षे जात नाही. पाणी उपसून शुद्ध करण्याच्या युक्त्या आहेत, जंतूंकडून घाण खाववून घेण्याच्याही आहेत. पण आपल्या भेगांच्या खडकात पाणी कोणत्या वाटेने गेले हेच प्रथम समजावे लागते. आजवरचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे मूळ झरा बंद करून दहा-वीस पावसाळ्यांची वाट पाहणे. तेवढे वय सर्वांच्या हातात नसते.

आणि गंमत पाहा: हेच स्पेंटवॉश आम्ल असल्यामुळे चोपण जमिनीतली चुनखडी विरघळविते. तमिळनाडूच्या कृषी विद्यापीठाने ते मोजून, पीक घेण्याआधी एकदाच देऊन आणि नंतर भरपूर पाण्याने धुऊन चोपण जमिनी सुधारण्याचे प्रयोग केले आहेत. पण धुऊन न्यावयाचे म्हटले की प्रश्न पुन्हा तोच, म्हातारबांचा. मोजमापाशिवाय ते रानात ओतणाऱ्याला आम्ही सुधारक म्हणणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात प्रवरेच्या उजव्या पाटाखाली एका गावी आम्हांस नळ्यांचा निचरा पाहावयास मिळाला. अकरा शेतकरी एकत्र आले होते. बाराव्याने नकार दिला म्हणून नळी त्याच्या बांधाला वळसा घालून नेली होती. ओढ्याच्या काठी सिमेंटच्या तोंडातून बोटभर धार अखंड पडत होती. आमच्याबरोबरच्या शेतकऱ्याने ओंजळ धरली, जिभेला लावली आणि थुंकून टाकली. “खारट हाये अजून,” तो समाधानाने म्हणाला. त्याच्या रानात चौदा वर्षांनी गहू आला होता. ती धार ओढ्यात जात होती. ओढा प्रवरेला मिळतो, प्रवरा टोक्याजवळ गोदावरीला, आणि तेथपर्यंत पैठणच्या नाथसागराचा फुगवटा आलेला असतो. खाली मराठवाड्यातील शहरे ते पाणी पितात. ओढ्याच्या पलीकडच्या काठावर एक विहीर होती. तिच्या मालकाने आम्हांस हाक मारून विचारले, हे पाणी तपासावयास कोठे द्यावयाचे. आम्ही त्याला राहुरीचा पत्ता दिला आणि बाटली विहिरीच्याच पाण्याने तीनदा विसळून मग भरावी, एवढे सांगितले.